हेलकाव्याच्या भरपाईचा रिग: आधी घर्षण मोजा, मग लाट चालवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत एक रिग उभारायचा आहे. लाटेबरोबर जहाज वर-खाली होत असताना त्यावर तोललेला भार जागच्या जागी स्थिर ठेवणारी हायड्रॉलिक यंत्रणा त्यांना या रिगवर तपासायची आहे. भंगारातून मिळालेला ४० मि.मी. बोअरचा, म्हणजे आतील व्यासाचा सिलिंडर आणि १०० किलोग्रॅमची वजने त्यांच्या हाताशी आहेत. पाण्याच्या टाकीशिवाय ही चाचणी खरी मानता येईल का, हा सिलिंडर चालेल का, कारखान्यात यंत्रे चालवणारा साधा पीएलसी (प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) पुरेल का आणि भरपाई किती टक्के झाली हे कसे ठरवावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. या चाचणीला पाणी लागत नाही. जहाजाचा आकार लाटेला कसा प्रतिसाद देतो हे पाहायचे असेल तर पाणी हवे, आणि त्यासाठी १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. तुम्हाला मात्र जहाज हललेले आहे हे गृहीत धरून पुढचे काम तपासायचे आहे. उभ्या रुळांवर वर-खाली होणारी एक गाडी हीच तुमची लाट आणि तेच तुमचे जहाज. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर असला तरी काही बिघडत नाही.

भरपाईचे तत्त्वही मराठवाड्याला परके नाही. साखर कारखान्यातल्या मिलचा वरचा रोलर पाहिला असेल तर तुम्ही ते पाहिलेलेच आहे. उसाचा थर जाड आला की रोलर उचलला जातो, सिलिंडरमधले तेल अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे तेल दाबाखाली साठवणाऱ्या टाकीत ढकलले जाते आणि तिच्या ब्लॅडरमधला, म्हणजे रबरी पिशवीतला नायट्रोजन दाबला जातो. थर पातळ झाला की तोच नायट्रोजन रोलरला परत खाली आणतो आणि उसावरचा दाब जवळपास सारखा राहतो. निष्क्रिय भरपाई म्हणजे हीच रचना, फक्त उसाच्या थराच्या जागी लाट आहे. मुंबई हायचा शोध १९७४ साली ‘सागर सम्राट’ या विंधन-जहाजाने लावला, पण ते जॅक-अप जातीचे, म्हणजे समुद्राच्या तळावर पाय रोवून उभे राहणारे असल्यामुळे विंधन करताना त्याला अशा भरपाईची गरज नव्हती. खोल पाण्यात तरंगत विंधन करणाऱ्या जहाजाला ती लागते, कारण जहाज दोन मीटर उचलले गेले तरी तळाशी असलेल्या ड्रिल बिटने जागा सोडून चालत नाही.

आता मापांकडे येतो. प्रतिकृतीच्या मापासाठी जहाजांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करणारे विल्यम फ्रूड यांचा नियम धरावा. लांबी १६ पटीने लहान केली तर काळ आणि वेग १६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ४ पटीने कमी होतात, आणि प्रवेग तेवढाच राहतो. समुद्रावर १० सेकंदांची आणि मध्यापासून वर-खाली २ मीटरची हालचाल असेल तर प्रयोगशाळेत ती २.५ सेकंदांची आणि १२५ मि.मी.ची होईल. तिचा कमाल वेग सेकंदाला ०.३१ मीटर आणि कमाल प्रवेग ०.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. रिगला दोन सिलिंडर लागतात, एक गाडी हलवणारा आणि दुसरा गाडीवर बसून भरपाई करणारा; एकूण २५० मि.मी.च्या हालचालीसाठी दोन्ही ४०० मि.मी. स्ट्रोकचे, म्हणजे तेवढी धाव असलेले घ्यावेत, म्हणजे अनियमित लाटांसाठी दोन्ही टोकांना जागा उरते.

इथपर्यंत सगळे विद्यार्थी बिनचूक येतात. पुढे जे चुकते ते असे की, लांबी, काळ आणि वेग यांच्याबरोबर लहान न होणाऱ्या दोन गोष्टी रिगमध्ये असतात. एक म्हणजे सिलिंडरच्या सीलचे घर्षण आणि दुसरी म्हणजे सेन्सर, कंट्रोलर व व्हॉल्व्ह यांनी मिळून लावलेला उशीर. या दोन्ही आधी मोजल्या नाहीत तर रिग भरपाई-यंत्रणेची नव्हे तर स्वतःचीच परीक्षा घेत बसतो, आणि विद्यार्थी त्या आकड्यांवर अहवाल लिहून मोकळे होतात.

घर्षणाचा हिशेब तुमच्याच सिलिंडरवर करून पाहू. ४० मि.मी. बोअरचे क्षेत्रफळ १२.५७ चौ. सें.मी. येते, आणि १०० किलोग्रॅम तोलायला त्यात अवघे ७.८ बार पुरतात. जुन्या पॅकिंगच्या सिलिंडरला नुसते हलायला ३ बार लागणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ३ बार म्हणजे या बोअरवर सुमारे ३७७ न्यूटन. गाडी लाटेप्रमाणे हलेल तेव्हा भाराचे जडत्व त्याला जागीच ठेवू पाहील, पण त्या जडत्वाचे बल १०० गुणिले ०.७९, म्हणजे केवळ ७९ न्यूटन आहे. ७९ न्यूटनचे बल ३७७ न्यूटनच्या घर्षणाला सोडवू शकत नाही. रॉड सिलिंडरमध्ये हलणारच नाही, भार गाडीबरोबर तसाच वर-खाली जाईल, आणि अ‍ॅक्युम्युलेटर कितीही उत्तम असला तरी भरपाई शून्य दिसेल. म्हणून तो सिलिंडर भरपाईसाठी वापरू नका. सील बदलून आणि रॉड जाड असल्याची खात्री करून तो गाडी हलवण्यासाठी वापरता येईल, कारण तिथे पंपाचा जोर पाठीशी असतो.

भरपाईसाठी २५ मि.मी. बोअर घ्यावा आणि भार ४०० किलोग्रॅमपर्यंत वाढवावा. क्षेत्रफळ ४.९१ चौ. सें.मी. झाल्यामुळे दाब ८० बारवर जातो, जडत्वाचे बल ३१६ न्यूटन होते, आणि ३ बारचे घर्षण १४७ न्यूटनवर येते. हेही जास्तच आहे. टेफ्लॉनच्या सरकत्या कड्यांचे कमी घर्षणाचे सील बसवून ते १ बारपर्यंत, म्हणजे ४९ न्यूटनपर्यंत आणता आले तर निष्क्रिय भरपाईचा निकाल पाहण्याजोगा होतो. फ्रूडच्या नियमाने बल १६ च्या घनाने, म्हणजे ४,०९६ पटीने बदलते, त्यामुळे १०० किलोग्रॅमचा भार प्रत्यक्षातल्या सुमारे ४१० टनांसारखा आणि ४०० किलोग्रॅमचा भार १,६०० टनांहून अधिक ठरतो, अशी हरकत तुमचे मार्गदर्शक घेतील आणि ती रास्त आहे. पण वजनाचे प्रमाण इथे सोडून द्यावे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण पुढच्या सूत्रात आहे.

वायूच्या स्प्रिंगवर तोललेल्या भाराच्या नैसर्गिक कंपनाच्या कोनीय वेगाचा वर्ग हा वायूचा घातांक, गुरुत्व-प्रवेग आणि सिलिंडरचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराला वायूच्या घनफळाने भागून मिळतो. त्यात वस्तुमान येतच नाही, कारण भार वाढवला की त्याला तोलणारा दाबही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून भार चौपट केल्याने निष्क्रिय यंत्रणेची लाटेला प्रतिसाद देण्याची रीत बदलत नाही, केवळ घर्षणाचा वाटा घटतो. याच सूत्रावरून अ‍ॅक्युम्युलेटरही निवडता येतो. नैसर्गिक कंपनाचा हा वेग लाटेच्या एक तृतीयांश ठेवायचा असेल तर वायूचे घनफळ सुमारे ९.६ लिटर लागते, आणि घर्षण नसेल तर लाटेचा एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के हिस्सा भारापर्यंत पोहोचतो. बाजारात १० लिटरचा अ‍ॅक्युम्युलेटर मिळतो, पण त्यात ७१ बारवर नायट्रोजन भरून ८० बारवर काम केले तर वायूला ८.९ लिटरच जागा उरते. २० लिटरचा घेतला तर तोच हिस्सा सव्वासहा ते साडेसहा टक्क्यांवर येतो. पैसा कुठे तरी जास्त घालायचाच असेल तर तो इथे आणि सीलमध्ये घालावा.

रॉडची जाडी विसरू नका. २५ मि.मी. बोअरमध्ये १४ मि.मी.चा रॉड मिळतो आणि तो स्वस्तही पडतो, पण सिलिंडर खाली आणि भार रॉडच्या माथ्यावर अशी मांडणी असेल तर रॉड दाबाखाली असतो. दोन्ही टोकांना पिन आणि मोकळी लांबी १ मीटर धरली तर ऑयलरच्या सूत्राने १४ मि.मी.चा रॉड सुमारे ३,९०० न्यूटनला वाकतो, आणि तुमचा भारच ३,९२४ न्यूटनचा आहे. १८ मि.मी.च्या रॉडला हाच आकडा १०,७०० न्यूटनच्या आसपास जातो. भार रुळांत नीट धरलेला असेल तर प्रत्यक्षात याहून थोडी अधिक सुरक्षितता मिळते, तरी १८ मि.मी.पेक्षा कमी घेऊ नये.

भाराचे रूळ कशावर बसवायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण माझ्या दृष्टीने संपूर्ण रिगचा प्रामाणिकपणा त्यावर ठरतो. भार डुगडुगू नये म्हणून त्याला उभे रूळ लागतात. ते जमिनीवरच्या खांबांना जोडले तर रुळांचे घर्षण भाराला जमिनीच्या सापेक्ष स्थिर धरते, म्हणजे जे काम भरपाई-यंत्रणेने करायचे तेच काम खांब चोरून करतात आणि निकाल फार सुरेख येतो. समुद्रावर असा खांब नसतो. म्हणून भाराचे रूळ हलत्या गाडीवरच बसवा. जमिनीशी नाते फक्त मोजणाऱ्या तारेचे असावे. भाराला एक आणि गाडीला एक, अशा दोन ताणतारेच्या एन्कोडरांची, म्हणजे तार किती ओढली गेली ते मोजणाऱ्या सेन्सरांची टोके जोडावीत आणि दोन्ही एन्कोडर भिंतीला किंवा जमिनीला पक्के बसवावेत. भाराला जोडलेला एन्कोडर कंट्रोलरला मुळीच देऊ नये. ज्या सेन्सरवर यंत्रणा चालते त्यानेच तिचा निकाल द्यायचा ठरवले तर सेन्सरची चूक कधीच उघड होत नाही.

घर्षण मोजण्याची रीत सोपी आहे. प्रथम सिलिंडर आडवा ठेवून, भार न लावता, हातपंपाने दाब अगदी सावकाश वाढवा आणि रॉडवर सीलच्या कडेला पेन्सिलची बारीक खूण करा. गेजची सुई चढत राहते, खूण जागची हलत नाही, आणि मग एकदम खूण पुढे सरकते व सुई मागे येते. सुईचा तो सर्वांत वरचा बिंदू लिहून ठेवा. रॉड असा अडकत-सुटत चालला तर त्या सीलवर पुढचे काम करू नका. दुसरे माप भार चढवून घ्यायचे, कारण दाबाबरोबर सील अधिक घट्ट बसतो. भार सावकाश वर नेताना जो दाब दिसतो त्यातून सावकाश खाली आणतानाचा दाब वजा करून निम्मे करा. ते कामाच्या दाबावरचे घर्षण. गेज सिलिंडरच्या तोंडाशी असले पाहिजे, पॉवर पॅकवरचे (पंप, मोटर आणि टाकी यांच्या संचावरचे) गेज पाइपातला दाब-घटही त्यात मिसळते.

आता उशीराकडे. सक्रिय भरपाईत गाडीची हालचाल सेन्सर मोजतो आणि कंट्रोलर सिलिंडरला उलट दिशेने तेवढेच हलवतो. ही उलट हालचाल काही मिलिसेकंद मागे पडली तर उरलेली चूक लाटेच्या कोनीय वेगाला त्या उशिराने गुणून मिळते. ४० मिलिसेकंदांचा उशीर १० सेकंदांच्या खऱ्या लाटेवर २.५ टक्के चूक देतो, पण तुमच्या २.५ सेकंदांच्या लाटेवर तोच उशीर १० टक्के चूक देतो. इलेक्ट्रॉनिक्सला तुमच्या प्रमाणाची कल्पना नसते. म्हणून समुद्रावर चालणारा कंट्रोलर प्रयोगशाळेत कमी पडू शकतो, आणि तसे झाले तर ती कंट्रोलरची खोट समजू नये. साध्या पीएलसीचा स्कॅन, म्हणजे प्रोग्रॅमची एक फेरी १० ते २० मिलिसेकंदांची, त्यावर व्हॉल्व्हच्या स्पूलचा, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याचा प्रतिसाद आणि सेन्सरचे फिल्टर, असे मिळून ६० मिलिसेकंद सहज होतात, म्हणजे चूक १५ टक्क्यांच्या पुढे. पीएलसी चालेल, पण नियंत्रणाचा भाग ठरावीक वेळाने चालणाऱ्या वेगळ्या टास्कमध्ये, २ मिलिसेकंदांवर ठेवता आला पाहिजे. नोंदी सेकंदाला किमान २०० घ्याव्यात.

जहाजावर जमिनीला बांधलेली तार नसते, तिथे प्रवेगमापकाच्या नोंदींचे दोनदा समाकलन करून हालचाल काढावी लागते. समाकलनात मूल्य वाहत जाऊ नये म्हणून हाय-पास फिल्टर लावतात आणि तो फिल्टर संकेत वेळेच्या थोडा पुढे नेतो. पहिल्या श्रेणीचा, ०.०४ हर्ट्झचा फिल्टर २.५ सेकंदांच्या लाटेवर सुमारे ५.७ अंशांची आघाडी देतो, आणि योगायोगाने ४० मिलिसेकंदांचा उशीरही तेवढ्याच अंशांची पिछाडी देतो. दोन्ही एकमेकांना खातात आणि निकाल अचानक उत्तम दिसतो. त्याच मांडणीवर १.५ सेकंदांची लाट चालवली की आघाडी घटते, पिछाडी वाढते आणि १० टक्क्यांहून अधिक चूक परत येते. म्हणून एकाच काळावर मिळालेला आकडा कितीही चांगला असो, तो निकाल म्हणून लिहू नका. १.५ ते ४ सेकंदांपर्यंत निदान सहा काळ घ्या, आणि त्यानंतर अनियमित लाटेसाठी पिअर्सन-मॉस्कोविट्झ किंवा जॉनस्वॉप हे समुद्रलाटांचे प्रमाणित वर्णपट वापरा. सुरुवातीला गाडीच्या एन्कोडरवरूनच कंट्रोलर चालवायला हरकत नाही, मात्र अहवालात ते स्पष्ट लिहावे आणि प्रवेगमापकाची पायरी गाळू नये.

पॉवर पॅकबद्दल फार लिहीत नाही. गाडी, सिलिंडर आणि भार मिळून ६०० किलोग्रॅम धरले तर गाडीच्या ४० मि.मी. सिलिंडरला सुमारे ५१ बार आणि कमाल वेगाला मिनिटाला २४ लिटर तेल लागते, भरपाईच्या सिलिंडरला ९ ते १० लिटर. दोघांची कमाल गरज सहसा एकाच क्षणी येत नाही, कारण गाडी वर जाते तेव्हा भरपाईचा रॉड आत येत असतो. २२ सीसीचा पंप १,४५० फेऱ्यांवर ३२ लिटर देतो आणि १२० बारला त्याला १० एचपीची मोटर पुरते. व्हॉल्व्ह निवडताना एवढे पाहा की प्रपोर्शनल व्हॉल्व्हचा (विजेच्या संकेताच्या प्रमाणात उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) प्रवाह बहुधा एकूण १० बारच्या दाब-घटीवर आणि त्याहून अचूक अशा सर्व्हो व्हॉल्व्हचा ७० बारवर लिहिलेला असतो. कॅटलॉगमधले दोन आकडे शेजारी ठेवून थेट तुलना केली तर फसगत होते.

आपल्या हवेचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना नायट्रोजन ७० बार भरला आणि मे महिन्याच्या दुपारी शेडमध्ये ४२ अंश झाले तर तोच दाब ७७ बारच्या पुढे जातो, म्हणजे ब्लॅडर कामाच्या दाबाला जवळजवळ भिडतो आणि त्यात तेल शिरायला जागाच उरत नाही. प्रत्येक चाचणीच्या दिवशी तेल पूर्ण काढून नायट्रोजनचा दाब आणि खोलीचे तापमान दोन्ही लिहून ठेवावेत. ४६ ग्रेडचे तेल ४० अंशांना जेवढे पातळ असते त्याच्या तिपटीहून अधिक दाट ते १५ अंशांना असते, म्हणून तेल ४० अंशांवर आल्याशिवाय एकही नोंद घेऊ नये. उलट बाजूने, सतत सारखाच प्रवाह देणारा पंप जास्तीचे तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून सोडत राहिला तर १०० लिटरच्या टाकीतले तेल पंधरा मिनिटांत तीसेक अंशांनी चढते. पाण्याचा कूलर आपल्याकडे उन्हाळ्यात भरवशाचा नाही. ज्या गावात टँकर येतो तिथे कूलरसाठी पाणी मागणे मला पटत नाही, म्हणून दाबानुसार प्रवाह घटवणारा पंप आणि पंख्याचा कूलर ही जोडी घ्यावी. कापसाचे तंतू आणि धूळ यांमुळे टाकीच्या झाकणावरचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचे तोंड, साधा जाळीचा न ठेवता फिल्टरचा ठेवावा. जिनिंग प्रेसच्या पॉवर पॅकमध्ये तंतूंनी तुंबलेल्या सक्शन जाळ्या मी हातांनी काढल्या आहेत, आणि प्रपोर्शनल व्हॉल्व्ह त्याच्या शतांश कचऱ्यानेही अडकतो.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि ती मी स्वतः पाहिलेल्या घटनेवरून सांगतो. एका प्रयोगशाळेत कंट्रोलर यूपीएसवर होता आणि पंपाची मोटर थेट लाइनवर. वीज काही क्षण गेली, मोटर ट्रिप झाली, गाडी थांबली, पण कंट्रोलर जागाच होता. आपली आज्ञा पाळली जात नाही असे दिसल्यावर त्याचा इंटिग्रेटर, म्हणजे चुकीची बेरीज करत जाणारा भाग, वाढत वाढत टोकाला गेला. कोणी तरी मोटर पुन्हा सुरू केली त्या क्षणी गाडी पूर्ण वेगाने वरच्या आडकाठीवर आदळली, १२ मि.मी.चा बोल्ट तुटून पत्र्याला भोक पाडून गेला. खाली उभा असलेला मुलगा दोन पावले मागे होता, म्हणून वाचला. तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे हा नियम लावतो की मोटरच्या काँटॅक्टरचा, म्हणजे तिची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा एक संपर्क कंट्रोलरला दिलाच पाहिजे, मोटर थांबताच इंटिग्रेटर शून्य व्हावा आणि पुन्हा सुरू होताना गाडी सावकाश मध्यावर यावी. भाराच्या सिलिंडरच्या तोंडाशी, मध्ये होज न ठेवता, भार धरून ठेवणारा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह बसवावा. मात्र निष्क्रिय चाचणीत तेल दोन्ही दिशांना मोकळे वाहावे लागते, त्या वेळी त्याला बाजूला ठेवणारा मार्ग आणि भाराखाली लाकडी ठोकळे, दोन्ही हवेत.

अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये फक्त नायट्रोजन भरावा. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन तेलाशी भेटला तर स्फोट होतो, आणि कंप्रेसरची हवाही चालत नाही. मोटर बंद केली म्हणजे दाब गेला असे होत नाही, २० लिटरचा भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर तासन् तास तसाच राहतो. पाना लावण्याआधी भार ठोकळ्यांवर टेकवा, ड्रेन व्हॉल्व्ह उघडा, गेज शून्यावर आलेले डोळ्यांनी पाहा, आणि ते पाहणाऱ्याचे नाव वहीत लिहा.

पहिली नोंद भरपाईचा सिलिंडर लोखंडी पट्टीने कुलूपबंद करून घ्या आणि त्या वेळी भाराची जी हालचाल दिसते ती १०० टक्के धरा. दुसरी निष्क्रिय, तिसरी सक्रिय. प्रत्येक निकालाशेजारी त्या दिवशी मोजलेले घर्षण, उशीर, तेलाचे तापमान आणि नायट्रोजनचा दाब लिहा. मे महिन्यात घेतलेली नोंद डिसेंबरमध्ये पुन्हा तीच येते का हे नक्की पाहा. आली नाही तर आधी नायट्रोजनचा दाब आणि मग सील तपासा, आणि त्यानंतरच कंट्रोलरला हात लावा.